परदेशी गाडीला सवलत, रिक्षावाल्याला दंड

२३ ऑक्टोबर १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. धुळ्याहून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले. वस्तीतल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह धरला. स्टेशनवरून वस्तीत न्यायला टांगा हवा होता, पण एकही टांगेवाला अस्पृश्य माणसाला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी तडजोड निघाली. टांगेवाला टांगा भाड्याने देईल, पण हाकणार नाही. मग वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर चाक कडेच्या दगडांत अडकले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेला.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेची गोष्ट म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण तो वाहन-सुरक्षेची गोष्ट म्हणूनही एकदा वाचून पाहा. वाहनाच्या मालकाने भाडे घेतले, जबाबदारी घेतली नाही. पुलाला धड कठडा नव्हता, त्याची जबाबदारी सरकारने घेतली नाही. आणि हाडे कुणाची मोडली? ज्याच्या हातात ना टांगा होता, ना लगाम, ना पूल. वाहन एकाचे, भाडे त्याचेच, आणि पाय मात्र दुसऱ्याचा. ही वाटणी भारतात नव्वद-शंभर वर्षांत बदललेली नाही. टांग्याच्या जागी जर्मनीहून आलेली गाडी आली, एवढाच फरक.

आज मला परदेशातून आयात होणाऱ्या गाड्यांबद्दल लिहायचे आहे. विषय ऐकून काही मित्र हसतील. "भाऊ, आपल्या पोरांकडे सेकंडहँड स्प्लेंडरचे हप्ते भरायला पैसे नाहीत आणि तू फेरारी-पोर्शेवर लेख लिहितोस?" बरोबर. गाडीत बसणारे आपण नाही. पण रस्त्यावर त्या गाडीच्या बंपरसमोर कोण असते, ते विचारा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच अहवाल सांगतो की २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आणि जवळजवळ २० टक्के पायी चालणारे. म्हणजे मेलेल्या दर तिघांपैकी दोघांच्या भोवती पत्र्याचे कवच नव्हते. पहाटे रस्ता झाडणारी मावशी, डिलिव्हरीची पिशवी पाठीवर घेतलेला पोरगा, रात्रपाळी करून सायकलवर परतणारा वॉचमन ही माणसे कोणत्या वस्त्यांतून येतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून हा विषय श्रीमंतांच्या हौसेचा नाही, आपल्या जिवाचा आहे.

नियम आहेत, आणि चांगले आहेत

आधी एक गोष्ट मान्य करू. कागदावर नियम आहेत आणि ते लिहिणाऱ्याने डोके लावून लिहिले आहेत. नुसती "सरकार झोपले आहे" अशी बोंब मारून आपला मुद्दा सिद्ध होत नाही.

देशात विकल्या जाणाऱ्या गाडीला केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२६ खाली मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी पार करावी लागते. यालाच होमोलोगेशन म्हणतात. आयात गाडीसाठी परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या अटी वेगळ्या आहेत. वापरलेली परदेशी गाडी आणायची असेल, तर ती बनवल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको. स्टीअरिंग उजवीकडे हवे. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. ती भारतीय नियमांत बसते असे प्रमाणपत्र जहाजात चढवण्याआधीच हवे आणि इथे उतरल्यावर पुन्हा चाचणी हवी. पुढची पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्याजोगी राहील आणि तिची दुरुस्ती देशात होईल, याची हमी हवी. आणि अशी गाडी फक्त मुंबई बंदरातूनच आत येऊ शकते.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. बंदर मुंबईचे. चाचणी करणाऱ्या जुन्या संस्था दोन: पुण्याची एआरएआय आणि नगरची, आताच्या अहिल्यानगरची, व्हीआरडीई. म्हणजे परदेशातून येणाऱ्या वापरलेल्या गाडीच्या सुरक्षेची साखळी मुख्यतः आपल्याच जिल्ह्यांतून जाते. हा विषय दिल्लीचा म्हणून सोडून देता येत नाही.

या अटींमधली एक अट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून ती समजावून सांगतो. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा, अशी ती अट आहे. युरोप-अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात. तिथल्या गाडीचा डिपर उजव्या बाजूला थोडा वर उचललेला असतो, म्हणजे कडेची पाटी आणि कडेचा माणूस दिसावा. तीच गाडी जशीच्या तशी आपल्याकडे आणली तर तिची उजवी बाजू समोरून येणाऱ्यांची असते. म्हणजे डिपर दिलेला असूनही झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. समोरचा मोठ्या गाडीत उंच बसला असेल तर तो निभावून नेईल. दुचाकीवरचा माणूस दोन-तीन सेकंद आंधळा होतो. गाडीच्या मालकाला हे कधी कळणारही नाही, कारण त्याला रस्ता छान दिसत असतो.

हा एक दिवा ध्यानात ठेवा, कारण सगळा प्रश्न यात आहे. सुरक्षेचे नियम दोन प्रकारचे असतात. काही आतल्या माणसासाठी आणि काही बाहेरच्या माणसासाठी. आतल्याची काळजी कंपनी घेते, कारण तो गिऱ्हाईक आहे. बाहेरच्याची काळजी कुणीच घेत नाही, कारण तो कुणाचाच गिऱ्हाईक नाही. त्याच्यासाठी फक्त सरकार आहे. आणि सरकारने डोळेझाक केली की त्याच्यासाठी कुणीच नाही.

सरकारला गाडीत काय दिसते?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत परदेशी गाड्यांवरून देशात जे जे वाद गाजले ते आठवा.

फॉर्म्युला वनचा विजेता मायकेल शूमाकर याच्या हस्ते सचिन तेंडुलकरला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. २००३ मध्ये केंद्र सरकारने त्या गाडीवरचे एक कोटीहून अधिक रकमेचे आयात शुल्क माफ केले. आरडाओरडा झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी शुल्क फियाट कंपनीने भरले. वाद कशाचा होता? कराचा.

मार्च २०१३. द्रमुकने केंद्रातल्या सरकारचा पाठिंबा काढला आणि दोनच दिवसांत सीबीआय चेन्नईत एम. के. स्टालिन यांच्या दारात पोहोचली. कारण सांगितले गेले परदेशी गाड्यांच्या आयातीतली शुल्कचुकवेगिरी. खुद्द पंतप्रधानांना नाराजी व्यक्त करावी लागली. वाद कशाचा? कराचा, आणि त्याच्या आडून राजकारणाचा.

२३ सप्टेंबर २०२५. केरळात कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' राबवले. नुमखोर म्हणजे भूतानच्या भाषेत वाहन. भूतानमधून वापरलेल्या गाड्या बेकायदा आणून, लष्कर आणि दूतावासांच्या नावाची खोटी कागदपत्रे लावून, इथल्या परिवहन नोंदींमध्ये फेरफार करून त्या विकल्या गेल्या, असे कस्टम्सचे म्हणणे होते. काही चित्रपट अभिनेत्यांच्या घरीही झडती झाली आणि पहिल्याच दिवशी तीसहून अधिक गाड्या जप्त झाल्या. खरे-खोटे न्यायालयात ठरेल. पण चॅनेलवर चर्चा कशाची? कोणत्या नटाकडे कोणती गाडी आणि किती कोटींचा कर बुडाला याची.

या तिन्ही वादांत एक प्रश्न कुणीच मोठ्याने विचारला नाही. या गाड्यांची चाचणी कुणी केली? ब्रेक कुणी तपासले? नोंदणी करणाऱ्या आरटीओने प्रमाणपत्र पाहिले की फक्त चलन? जी गाडी खोट्या कागदांवर आत येऊ शकते, ती चाचणीशिवाय आत आलेली गाडी असते, हे समजायला इंजिनिअर लागत नाही. करचुकवेगिरी म्हणजे तिजोरीवरचा दरोडा, म्हणून तिथे कस्टम्स, ईडी, सीबीआय सगळे धावतात. सुरक्षाचुकवेगिरी म्हणजे पादचाऱ्याच्या जिवावरचा दरोडा. तिथे धावायला एकही खाते नाही.

सरकारला परदेशी गाडीत कर दिसतो आणि मालकात प्रतिष्ठा दिसते. रस्त्यावरचा माणूस त्याला दिसतच नाही.

१,७५८ रुपये आणि ५० रुपये

आता पुण्यात या. १९ मे २०२४ ची पहाट, कल्याणीनगर. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातली पोर्शे टायकन एका दुचाकीवर आदळली आणि मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले दोन तरुण इंजिनिअर जागच्या जागी गेले. त्यानंतरचा तीनशे शब्दांचा निबंध सगळ्या देशाला पाठ आहे. ससूनमध्ये रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. घरच्या ड्रायव्हरला डांबून गुन्हा स्वतःवर घे म्हणून दबाव टाकल्याच्या आरोपावरून मुलाच्या आजोबांना अटक झाली. हेही आपल्याला आठवते.

पण गाडीच्या कागदांची गोष्ट लोक विसरले. ती गाडी जर्मनीहून तयार होऊन आली होती. बेंगळुरूच्या विक्रेत्याने मार्च महिन्यात तात्पुरती नोंदणी करून ती महाराष्ट्रात पाठवली. पुण्याच्या आरटीओत ती आली तेव्हा शुल्क भरलेले नाही असे आढळले. शुल्क किती? १,७५८ रुपये. ते भरले नाही म्हणून कायम नोंदणी झाली नाही. तात्पुरत्या नोंदणीवरची गाडी आरटीओत नेण्या-आणण्यापुरतीच रस्त्यावर काढता येते, असे परिवहन खात्यानेच नंतर सांगितले. नंतर! दोन माणसे मेल्यावर! मार्चपासून मेपर्यंत ती गाडी पुण्याच्या रस्त्यांवर नंबराशिवाय फिरू शकली आणि कुणी हटकले नाही.

इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की ती गाडी चोरवाटेने आलेली नव्हती. अधिकृत विक्रेत्याची होती आणि तिच्या बनावटीत दोष होता असेही कुणी म्हटलेले नाही. म्हणूनच ती जास्त बोलकी आहे. कायदेशीर वाटेने आलेल्या गाडीवर जर सरकारची नजर एवढी ढिली, तर कुणी खासगीत आणलेल्या, हात बदलत गेलेल्या गाडीवर ती किती असेल?

आता त्याच उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट ऐका. महाराष्ट्रभर रिक्षा-टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले होते. कशासाठी? फिटनेस सर्टिफिकेटचे नूतनीकरण उशिरा केले तर दर दिवसाला ५० रुपये दंड, हा केंद्राचा नियम महाराष्ट्रात वसुलीला आला होता. आजारपणात किंवा भांडवलाच्या अडचणीत वर्षभर रिक्षा दारात उभी राहिली, तर १८ हजारांच्या वर दंड. ज्या रिक्षाची किंमतच जुन्या बाजारात लाखाच्या आत, तिच्यावर! आंदोलने झाली तेव्हा कुठे सरकारला स्थगिती द्यावी लागली.

आमच्या वस्तीतल्या एका काकांनी तेव्हा कागद माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "बाळा, माझी रिक्षा धोकादायक असंल तर बंद करा, मी भांडणार नाही. पर त्या पोर्शेला कोण इचारतंय?" यावर मी काय उत्तर देणार?

गैरसमज नको. रिक्षाची फिटनेस तपासलीच पाहिजे. तिच्यात आपलीच पोरे शाळेला जातात. ब्रेक नसलेल्या रिक्षाचे समर्थन म्हणजे आंबेडकरवाद नव्हे. मुद्दा तपासणीचा नाही, तपासणी कुणाच्या वाट्याला येते याचा आहे. रिक्षावाला दिवस मोजून पैसे भरतो आणि कोटीची गाडी १,७५८ रुपये न भरता दोन महिने फिरते. एकाच परिवहन खात्याच्या एकाच राज्यातल्या या दोन वागण्यांना संविधानाच्या कलम १४ समोर उभे करा आणि मग सांगा, कायद्यापुढे समानता कुठे आहे.

"अरे, पण त्या गाड्या फाइव्ह स्टार असतात"

आपल्याच शिकलेल्या मित्रांकडून येणारा आक्षेप असा: परदेशी गाडी आपल्या गाडीपेक्षा सुरक्षित असते, तिकडचे नियम कडक असतात, मग इथे पुन्हा तपासणी कशाला? सरकारही काही प्रमाणात हेच म्हणते. सप्टेंबर २०१८ मध्ये नियम १२६ मध्ये बदल करून, कंपनीने किंवा तिच्या अधिकृत प्रतिनिधीने आणलेल्या वर्षाला अडीच हजारांपर्यंत मोटारींना इथल्या होमोलोगेशनमधून सूट दिली गेली. परदेशातले मान्य प्रमाणपत्र असले की पुरे.

या युक्तिवादात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. युरोपात कसून तपासलेल्या गाडीला इथे पुन्हा भिंतीवर आपटून बघण्यात वेळ आणि पैसा जातो. पण तीन गोष्टी राहतात.

पहिली, स्टार कुणाचे? ते प्रामुख्याने गाडीत बसलेल्याचे. पायी चालणाऱ्याला धडक बसली तर बॉनेट आणि बंपर किती घात करतील, याचे वेगळे मानक असते. युरोपात ते आहे, आपल्याकडे एआयएस-१०० नावाने आहे. अमेरिकेत मात्र असे बंधनकारक मानक नव्हते. तिथल्या सरकारने त्याचा प्रस्तावच सप्टेंबर २०२४ मध्ये मांडला. म्हणजे 'परदेशी' हा शब्द उच्चारल्याने पादचारी सुरक्षित होत नाही. कोणता देश, कोणते मानक, हे विचारावे लागते. छातीएवढ्या उंचीचा बंपर असलेली अवजड अमेरिकन गाडी तिच्या मालकासाठी किल्ला असेल, पण रस्ता ओलांडणाऱ्या पोरासाठी ती चालती भिंत आहे.

दुसरी, आल्यानंतर काय? गाडी बंदरात उतरली तेव्हा ती उत्तम असेल. पुढे ती गॅरेजात जाते. दिवे बदलतात, सायलेन्सर बदलतो, टायर रुंद होतात. मूळ बनावटीपेक्षा वेगळा बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले. लोखंडी बुलबारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली. दोन्हींचा अंमल कुणावर होतो, हे रात्री एखाद्या बड्या हॉटेलसमोर उभे राहून पाहा. कर्कश सायलेन्सरसाठी पोलीस बुलेटवाल्या पोराला थांबवतात, ते योग्यच आहे. त्याच सिग्नलवर त्याहून मोठ्याने गुरगुरणाऱ्या परदेशी गाडीला सलाम कशासाठी?

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोष निघाला तर जबाबदार कोण? जपानच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगचे उदाहरण घ्या. जुन्या झालेल्या एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे गोळीसारखे उडत आणि माणसे मरत. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. न्यूझीलंडमध्ये जपानहून वापरलेल्या गाड्या मोठ्या संख्येने खासगीत येतात. तिथल्या सरकारला २०१८ मध्ये या एअरबॅग सक्तीने बदलण्याचा आदेश काढावा लागला, कारण कंपनीचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते, समुद्र ओलांडून गेलेल्या गाडीच्या मागे ते जात नाही.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आले आणि दोषपूर्ण गाड्या परत बोलावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. एप्रिल २०२१ पासून नियमही लागू झाले. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. चांगली गोष्ट. पण ही यंत्रणा बेतली आहे मालकांच्या तक्रारींच्या संख्येवर. एका मॉडेलच्या इतक्या तक्रारी आल्या की चौकशी. ज्या मॉडेलच्या देशात चारच गाड्या आहेत आणि चौघांनी चार वाटांनी आणल्या आहेत, तिथे संख्या कशी भरणार? आणि गाडी आणणारा स्वतःच मालक असेल तर तो स्वतःविरुद्ध तक्रार करणार आहे का?

अमेरिका 'लायसन्स राज' आहे का?

यावर बाजारवाले मित्र म्हणतात की नियम वाढवले की लायसन्स राज येते. मग बाजारपेठेची काशी असलेल्या अमेरिकेकडेच पाहू. १९८० च्या दशकात तिथे युरोपातून खासगीत गाड्या आणण्याचे पेव फुटले. डॉलर महाग होता, तिकडून मर्सिडीज आणणे स्वस्त पडायचे. गाड्या अमेरिकन नियमांत बसत नसत. कुठल्याशा गॅरेजात थातूरमातूर बदल करून त्या रस्त्यावर यायच्या. अमेरिकी संसदेने काय केले? १९८८ मध्ये आयात वाहनांच्या सुरक्षेसाठी वेगळा कायदाच केला.

त्या कायद्याचे मर्म एका वाक्यात सांगतो: खासगी गाडीच्या मागे एक जबाबदार माणूस उभा करा. आपल्या नियमांत न बसणारी गाडी कुणीही उठून आणू शकत नाही. ती सरकारकडे नोंदणी असलेल्या आयातदारामार्फतच यावी लागते. तो तिच्यात आवश्यक बदल करतो, पुरावे सरकारला देतो आणि गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा बाँड लिहून देतो. सरकारचे समाधान होण्याआधी किंवा ठरलेली मुदत संपण्याआधी गाडी मालकाच्या हाती देता येत नाही. पुढे दोष निघाला तर परत बोलावण्याची जबाबदारीही त्याच आयातदाराची. पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना मात्र यातून सूट आहे.

अमेरिकेची आरती ओवाळण्याचे मला कारण नाही. पादचाऱ्यांच्या बाबतीत ती किती मागे आहे ते वर सांगितलेच. पण एवढे तिने ओळखले की कागदाला जबाबदार धरता येत नाही, माणसाला धरता येते. आपल्याकडे मात्र कस्टम्स म्हणते, आम्ही कर पाहतो. चाचणी संस्था म्हणते, जी गाडी आमच्याकडे आली ती आम्ही तपासली. आरटीओ म्हणते, वरून मंजूर कागद आला, आम्ही नंबर दिला. चाळीसगावचा टांगेवालाही हेच म्हणाला होता: टांगा देतो, हाकणे माझे काम नाही.

आत्ताच का?

कारण दार उघडते आहे. आजवर शंभर टक्क्यांच्या वरच्या शुल्कामुळे परदेशी गाड्या मोजक्याच येत होत्या. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनसोबत व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात ठरावीक कोट्यातल्या ब्रिटिश गाड्यांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. शुल्क कमी करावे की नाही, हा वेगळा वाद. पण कराची भिंत खाली येताना सुरक्षेची भिंत वर जायला हवी, एवढे तरी कुणी बोलायला हवे होते. संसदेत आरक्षित जागांवरून निवडून गेलेल्या आपल्या खासदारांनी हा प्रश्न किती वेळा विचारला, हे ज्याने त्याने आपल्या खासदाराला विचारावे.

आणि थोडे आपल्याकडेही पाहू. चौदा एप्रिलच्या बॅनरवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी नेत्याचा फोटो आणि खाली काळ्या काचांची गाडी, हे दृश्य आता नवीन नाही. भाऊंच्या ताफ्यात परदेशी गाडी आली म्हणून आपलीच पोरे रील बनवतात. आपल्या माणसाने मोठी गाडी घ्यावी, जरूर घ्यावी. ज्यांना बैलगाडीत बसू दिले नाही त्यांच्या नातवाने स्वतःच्या कमाईची गाडी चालवावी, यात मला अभिमानच आहे. पण ती गाडी चुकीच्या बाजूने दामटताना, नंबरप्लेटवर नंबराऐवजी नेत्याचे नाव लिहिताना आपण कुणाची नक्कल करतो? 'मला नियम लागू नाही' ही भावना म्हणजेच वर्णव्यवस्था. ती गाडीत बसून मिरवली म्हणून फुले-आंबेडकरी होत नाही.

काय मागायचे?

पहिली मागणी: परदेशातून आयात झालेल्या प्रत्येक गाडीच्या नोंदणीत चार गोष्टी सार्वजनिक दिसाव्यात. ती कोणत्या वाटेने आली, कोणती सूट घेतली, कोणत्या संस्थेने केव्हा तपासली आणि प्रमाणपत्राचा क्रमांक काय. मालकाचे नाव नको, आम्हाला त्याच्या घरात डोकवायचे नाही.

दुसरी: खासगी आयातीसाठी नोंदणीकृत, बाँड दिलेला जबाबदार आयातदार बंधनकारक करा. दोष निघाला तर शोधायला एक पत्ता हवा.

तिसरी: कोट्यवधींच्या गाडीलाही ठरावीक मुदतीने दिवे, ब्रेक आणि केलेल्या बदलांची तपासणी सक्तीची करा. रिक्षावाला रांगेत उभा राहतो, तसा तिचा मालकही राहू दे.

चौथी: तात्पुरत्या नोंदणीची मुदत आणि अटी मोडल्या तर दर दिवसाला दंड लावा आणि तो गाडीच्या किमतीच्या प्रमाणात लावा. ५० रुपयांचा नियम सरकारला सुचतो, म्हणजे दिवस मोजता येतात हे त्याला माहीत आहे.

सरकार स्वतःहून यातले काही करणार नाही. म्हणून कामाला लागा. माहितीच्या अधिकारात आपापल्या आरटीओला अर्ज टाका. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही. नावे विचारू नका, आकडे विचारा. गेल्या पाच वर्षांत आयात कागदपत्रांवर थेट किती गाड्या नोंदल्या? त्यातल्या किती गाड्यांच्या फाइलमध्ये चाचणीचे प्रमाणपत्र आहे? तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपूनही कायम नोंदणी न झालेल्या किती? तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा. एका जिल्ह्याचे उत्तर म्हणजे बातमी नाही, पण दहा जिल्ह्यांची उत्तरे एकत्र ठेवली तर विधिमंडळात प्रश्न विचारता येतो.

चाळीसगावच्या त्या संध्याकाळी बाबासाहेबांचा पाय मोडला तेव्हा ते बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. पद आणि शिक्षणाने त्यांना त्या पुलावर वाचवले नाही, कारण टांगेवाल्याला जबाबदार धरणारा कायदाच नव्हता. आज संविधान आहे, कायदा आहे, नियम १२६ आहे, कलम ११०अ आहे. आता कायदा नाही अशी सबब कुणाला सांगता येणार नाही, आपल्यालाही नाही. उद्या पुन्हा कल्याणीनगर घडले आणि आपण नुसत्या मेणबत्त्या लावल्या, तर त्यात आपलाही दोष असेल.

अर्ज लिहायला बसा. मसुदा लागला तर कळवा, मिळून लिहू.

जय भीम! जय संविधान!